गाडीखालचा पुठ्ठा: इंजिन ऑइलचं लिकेज शोधण्यात गेलेले तीन महिने

९ जून २०२५, सोमवार. सकाळी ऑफिसला निघताना वॉचमनकाकांनी हातात एक पाकीट ठेवलं. आत सोसायटीचं लेटरहेड, जावक क्रमांक, सेक्रेटरींची सही, सगळं रीतसर. मजकूर असा की आपल्या पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडत असून नवीन बसवलेले पेव्हर ब्लॉक खराब होत आहेत, पावसात दुचाकीस्वार घसरण्याचा संभव आहे, तरी आपण दुरुस्ती करून तसे लेखी कळवावे. मला वाटलं चुकून दुसऱ्याचं पाकीट आलंय. संध्याकाळी गाडी थोडी पुढे घेतली आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर खरंच, थाळीएवढा काळा डाग, आणि मधोमध ओला.

गाडी म्हणजे सप्टेंबर २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, २०१९ ला ऑफिसमधल्या एका सरांकडून घेतलेली, आता ९४ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पंधरा वर्षांची कुठलीही गाडी कुठून ना कुठून ओली होतेच, त्यात कंपनीचा काय दोष. मला गाडी चालवता येते, टायर बदलता येतो, बाकी बॉनेटच्या आतलं मला काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं, म्हणून लिहितेय.

त्याच रात्री टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून इंजिनखाली सरकवला आणि चारही कोपऱ्यांवर स्केचपेनने पुढे, मागे, ड्रायव्हर, बॅटरी असं लिहून ठेवलं. ही अक्कल माझी नाही, माझ्या भावाची, तो फोनवर म्हणाला आधी काय गळतंय आणि कुठल्या बाजूला गळतंय ते तरी बघ, मग गॅरेजमध्ये जा. सकाळी तीन थेंब, प्रत्येकी दहा रुपयांच्या नाण्याएवढे पसरलेले, बॅटरीच्या बाजूला, मागे. रंग गडद तपकिरी, बोटावर घेतला तर गुळगुळीत. म्हणजे इंजिन ऑइलच. बाकीचंही तेव्हाच समजून घेतलं ते सांगते. एसी लावून आल्यावर डाव्या बाजूला पडणारं स्वच्छ पाणी हे पाणीच असतं, त्याची काळजी नको. कूलंट हिरवा नाहीतर गुलाबी-लाल असतो आणि त्याला गोडसर वास येतो (वासावर थांबा, चव बघू नका, विषारी असतो). गिअर ऑइलला गंधकासारखा घाण वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिक्या पिवळ्या पाण्यासारखं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, मग गाडी जागची हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

दुसरी गोष्ट डिपस्टिक. मी इतकी वर्षं ती चुकीची बघत होते हे आता कळलं, कारण आमच्या पार्किंगला गेटकडे उतार आहे. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन बंद करून दहा मिनिटं तरी थांबायचं, काडी काढून पुसायची, परत पूर्ण घालायची आणि मग वाचायचं. गेटबाहेर सपाट रस्त्यावर बघितलं तर तेल बरोबर मध्यावर. छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, म्हणजे एप्रिलच्या सर्व्हिसिंगपासून अर्धा लिटर गेलं होतं. सायलेन्सरमधून निळसर धूर नव्हता, म्हणजे इंजिन तेल खात नव्हतं, नुसतं टाकत होतं. आमच्याकडचे मेकॅनिक हे दोन शब्द असेच वापरतात, तेल खाणारी गाडी वेगळी आणि तेल टाकणारी वेगळी, आणि पहिलीचा खर्च ऐकून माणूस खुर्ची शोधतो.

१४ जूनला शनिवारी जवळच्या गॅरेजमध्ये. त्याने गाडी रॅम्पवर घेतली, खालून बघितलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला, ड्रेन बोल्टचं (जुनं तेल काढायच्या खालच्या बोल्टचं) वायसर, म्हणजे वॉशर, गेलंय. हे अगदीच खोटं नव्हतं. तेल बदलताना त्या बोल्टखालचं वायसर दरवेळी नवीन टाकायचं असतं, ते तीस रुपये वाचवायला जुनंच बसवतात, आणि माझ्या बिलावरही एप्रिलमध्ये वायसर लावलेलं नव्हतंच. नवीन टाकलं, मजुरीसकट १८० रुपये. मी खूश. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर परत तीन थेंब, त्याच जागी. आता पुठ्ठ्याचा उपयोग बघा, ड्रेन बोल्ट होता मधल्या भागात आणि थेंब पडत होते बॅटरीच्या बाजूला, हे मी त्याला तिथेच विचारायला हवं होतं, पण गाडी रॅम्पवर असताना आपण कशाला बोला असं होतं आपलं.

मग पालखीचा आठवडा, रस्ते बंद, त्यात ऑफिसात क्वार्टर एंडची धावपळ. गाडी फारशी काढलीच नाही. २८ जूनला दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, हे नवऱ्याच्या मित्राने सुचवलेलं. तिथे म्हणाले चेंबरचं पॅकिंग. इंजिनाच्या तळाला जी तेलाची परात असते तिला चेंबर म्हणतात. मी विचारलं खोलणार का, तर म्हणाले खोलायची गरज नाही मॅडम, बाहेरून सिलिकॉन मारतो, पॅक होईल. चिंधीने पुसलं, लाल सिलिकॉनची ट्यूब दाबत कडेकडेने फिरवली, ६०० रुपये, वीस मिनिटं. आणि जाताना, पुढच्या वेळी साहेबांना पाठवा म्हणजे नीट समजावून सांगता येईल. साहेबांना डिपस्टिक कुठे असते तेही माहीत नाहीये, पण असो.

आठवड्याभरात तो सिलिकॉनचा पट्टा एका टोकाने सुटून लोंबायला लागला, मी ओढला तर शेवयासारखा लांबच लांब निघून आला. तेलकट पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही हे मला नंतर दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलं. चेंबरला सिलिकॉन लावतात हे खरं, कित्येक गाड्यांत तिथे वेगळं पॅकिंग नसतंच, पण त्यासाठी चेंबर उतरवून दोन्ही बाजू खरवडून कोरड्या करून मग बारीक रेघ द्यावी लागते. आणि जास्त मारलं तर जादाचं आत निघतं, तुकडे सुटून तेल खेचणाऱ्या जाळीत अडकू शकतात, मग सहाशेचं काम इंजिनावर जातं. माझं नशीब की त्याने फक्त बाहेरून थापलं होतं.

६ जुलै, आषाढी एकादशी. परत डिपस्टिक. चार आठवड्यांत साधारण ६०० किलोमीटर आणि पाव लिटर तेल कमी. हे एका वहीत लिहायला लागले होते, तारीख, किलोमीटर, काडीवर कुठे. एक लिटरचा डबा आणला, ४५० रुपये, त्याच ग्रेडचा, आणि थोडं थोडं टाकून वरच्या खुणेच्या जरा खाली थांबले. वरच्या खुणेच्या वर भरू नका, त्याने लिकेज वाढतंच. याच सुमारास सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास यायला लागला, चांदणी चौकात तर शेजारच्या रिक्षावाल्याने काच खाली करायला सांगून विचारलं, ताई तेल जळतंय का. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. तेल गरम एक्झॉस्टवर पडलं की धूर होतो आणि फार पडलं तर पेटूही शकतं. त्यापेक्षाही मोठी भीती तेलाच्या झारीचा तो लाल दिवा लागण्याची. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाला दाब नाही हे सांगतो, म्हणजे चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ वगैरे नाही, तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद. माझा लागला नाही, पण त्या दोन महिन्यांत रस्त्यापेक्षा त्या जागेकडेच जास्त बघितलं असेन.

१२ जुलैला मोठ्या सर्व्हिस सेंटरला. आठ दिवस आधी अपॉइंटमेंट, साडेनऊला रिपोर्टिंग, जॉब कार्ड बनायला पाऊण तास. तपासणीचे ५०० अधिक जीएसटी असे ५९०. तिथला मुलगा सभ्य होता, मला खाली नेऊन दाखवलं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या फटीतून तेल ठिबकतंय. मेन सील गेलंय म्हणाला, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाचं सील, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आणि उतरवतोच आहोत तर क्लचही बदलून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी परत तीच मजुरी. एस्टिमेट १४,८६० रुपये, गाडी तीन दिवस ठेवायची.

क्लचचा सल्ला तसा चुकीचा नाही, गिअरबॉक्स खाली असेल तर लोक बदलतातच. पण मला एक खटकलं. त्या फटीच्या वरचा सगळा भाग, म्हणजे इंजिन ब्लॉकची अख्खी बाजू, काळ्या चिखलाने लिंपलेली होती, पंधरा वर्षांची धूळ आणि तेल. मी विचारलं हे वरचं पण ओलंच आहे ना, तर म्हणाला मॅडम गाडी चालताना वाऱ्याने उडतं. उडत असेल. पण हवा मागे ढकलेल, वर कशी ढकलेल? मी म्हटलं विचार करून सांगते. निघताना एक काम केलं, जॉब कार्डच्या कॉपीवर नक्की कुठे तेल दिसलं ते लिहून घेतलं आणि एस्टिमेटची प्रिंटही मागून घेतली, तुम्हीही मागत जा, देतात.

त्या रात्री झोप लागली नाही. पंधरा हजार घालायचे तर या गाडीत घालायचे का, विकली तर पन्नास-साठ मिळतील का, आणि विकायची तरी कशी, कारण १९ सप्टेंबरला आरसीची पंधरा वर्षं संपत होती. त्याआधी री-पासिंग, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण, केलं नाही तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तेल गळणारी गाडी घेऊन आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर उभं राहायचं मला धाडस नव्हतं.

री-पासिंगचं थोडक्यात, कारण पुढे त्याचा संबंध आहे. आरसी संपायच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी अर्ज करता येतो, फॉर्म २५, परिवहनच्या साइटवर. माझ्या कारची फी तेव्हा ५,००० रुपये होती (२०२२ च्या एप्रिलआधी ६०० होती, हे वाचून मी एक सुस्कारा टाकला), पर्यावरण कर वेगळा, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू हवा. मी २८ जुलैला अर्ज भरला, १८ ऑगस्टची तारीख मिळाली. एजंट सगळं करून द्यायला तयार होता, पण मी म्हटलं बघू आपणच. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लावायचा असतो, आणि इन्स्पेक्टर गाडीवर इंजिन नंबरही वाचून बघतात. चासी नंबर सापडला. इंजिन नंबर काही केल्या सापडेना.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमा, दादा साताऱ्याहून आला होता. रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं बॉनेट उघडून उभे. त्याने मॅन्युअल वाचून सांगितलं, नंबर ब्लॉकवर आहे, बॅटरीच्या खालच्या अंगाला, गिअरबॉक्स जोडतो त्याच्या जरा वर. टॉर्च मारला तर तिथे नंबर नाही, नुसता काळा थर. मग काय, डिग्रीजरचा २८० रुपयांचा स्प्रे, जुना टूथब्रश, चिंध्या. इंजिन पूर्ण थंड होतं, अल्टरनेटरवर आणि वायरींच्या जोडांवर आधी दुधाच्या पिशव्या बांधल्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढला. गरम इंजिनवर पाणी किंवा स्प्रे मारू नका, आणि प्रेशर वॉशरचा फवारा तर थंड इंजिनवरही नको, पाणी नको तिथे शिरतं. आणखी एक, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, आम्ही सगळं वरूनच केलं, हात पोचेल तेवढंच. दीड तास घासल्यावर नंबर दिसला. एकेक आकडा उगवत होता आणि दादा मोठ्याने वाचत होता, आम्ही दोघंही एवढे खूश झालो जणू ताम्रपट सापडला. नंबरच्या आजूबाजूचा हातभर भागही लख्ख झाला, अॅल्युमिनियमचा खरा रंग मी पहिल्यांदा बघितला.

आणि मग गंमत झाली. सोमवारी ऑफिसला जाऊन आले, जाऊन-येऊन २४ किलोमीटर. संध्याकाळी फक्त नंबरचा फोटो काढायला बॉनेट उघडलं तर त्या स्वच्छ जागेवर वरून खाली एक बारीक चकचकीत रेघ. वरून! नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून ओघळून ती खाली फटीकडे गेलेली, तिथेच, जिथे मला मेन सील म्हणून दाखवलं होतं.

दादाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला अंगाला लावायची पावडर आहे का घरात. होती, डबा आणला, वरचा भाग आणखी पुसून कोरडा केला आणि पावडर भुरभुरवली, टॅपेट कव्हरच्या कडेवर, खाली ब्लॉकवर, सगळीकडे. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनावरचं सगळ्यात वरचं झाकण, ज्यावर तेल भरायचं बूच असतं. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मग सोसायटीभोवती दोन फेऱ्या. (पावडर चालत्या बेल्टवर आणि हवेच्या पाईपकडे जाणार नाही एवढं बघा.) परत येऊन बघितलं तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, जिथे डोकं घातल्याशिवाय दिसतच नाही, तिथे पांढऱ्या पावडरीत एक काळसर तोंड आणि त्यातून निघालेला ओघळ. पावसात भिंतीला ओल येते आणि आपण खालचा गिलावा उकरत बसतो, पाणी वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येत असतं, तसलाच प्रकार. तीन गॅरेजांनी गाडी खालून बघितली. कोणीही आधी पुसली नाही.

यासाठी आणखी एक पद्धत आहे, तेलात चमकणारा रंग मिसळायचा, गाडी थोडी फिरवायची आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं, गळतीची जागा हिरवी-पिवळी उजळते. बारीक लिकेजला ती जास्त चांगली. माझं पावडरीत भागलं.

१३ ऑगस्ट, बुधवारी अर्धी रजा टाकून नाना पेठेत गेले. आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबरचा फोटो बरोबर नेला, त्यामुळे पार्ट लगेच मिळाला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि प्लगच्या नळ्यांच्या रिंगा असा सेट, ४८० रुपये. या रिंगा सेटमध्ये आहेत ना हे विचारून घ्या, त्या गेल्या की तेल स्पार्क प्लगच्या खड्ड्यात साचतं आणि गाडी मिसिंग मारायला लागते. दुकानदारानेच एक मेकॅनिक सुचवला, दोन गल्ल्या सोडून, साठीचे काका, गॅरेज म्हणजे एक शटर आणि समोरचा फुटपाथ.

काकांना मी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, त्यांनी हाताने थांबवलं, फोन घेतला, पावडरीचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "ताई, निम्मं काम तुम्ही करूनच आलाय." खरं सांगते, दोन महिन्यांत गॅरेजमध्ये ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य. जुनं पॅकिंग निघालं ते रबर राहिलंच नव्हतं, काकांनी वाकवलं तर भाजलेल्या पापडासारखं कडकन मोडलं. मग त्यांनी आणखी एक बारकी वस्तू काढली, पीसीव्ही व्हॉल्व्ह, अंगठ्याएवढा, आणि माझ्या कानाशी हलवून दाखवला. "आवाज येतोय?" नाही. "यायला पाहिजे. खुळखुळ्यासारखा." तो आत चिकटून बसला होता. इंजिनाच्या आत जो गॅसचा दाब तयार होतो तो या व्हॉल्व्हमधून बाहेर खेचला जातो, हा बंद पडला की दाब आत कोंडतो आणि जिथे पॅकिंग कच्चं असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. नुसतं पॅकिंग बदलून गेला असतात तर वर्षभरात परत आला असतात म्हणाले. व्हॉल्व्ह २१०.

बसवतानाही मी बघत उभी राहिले. दोन्ही कडा आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडल्या, स्क्रू ड्रायव्हरने नाही, कारण अॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून परत लिकेज. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, आधी सगळे हाताने, मग दहाच्या पान्याने थोडे थोडे. लहान बोल्ट असतात, जोर लावला तर आटे जातात आणि झाकण वाकतं. माझ्या गाडीत एका बोल्टचे आटे आधीच अर्धे गेलेले, कधीतरी कोणीतरी लिकेज थांबवायला नुसताच आवळला असणार. तो काकांनी जपून बसवला. मजुरी ७००, एकूण १,३९०. गिअरबॉक्सला हातसुद्धा लावला नाही.

१८ ऑगस्टला पासिंग. सकाळी सातला निघून नऊला रांगेत, नंबर साडेअकराला. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट मी आधीच बसवून घेतली होती, ज्यांनी बसवली नव्हती त्यांना बाजूला काढत होते. इन्स्पेक्टरांनी लाइट, हॉर्न, टायर बघितले, चासी नंबर जुळवला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिन एवढं चकचकीत बघून त्यांनी माझ्याकडे वर बघितलं, "धुऊन आणलंय? लिकेज आहे का?" मी अक्षरशः पिशवीतून बिल काढून दाखवलं. ते हसले, इंजिन नंबर वाचला, टिक केली. पाच मिनिटांत मोकळी. आरसी पोस्टाने घरी येईल म्हणाले, ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, २०३० पर्यंत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण २४ ऑगस्टला, गणपतीच्या तीन दिवस आधी, पुठ्ठ्यावर परत एक थेंब.

मी खरंच पार्किंगमध्ये बसले खाली. मग नीट बघितलं तर थेंब पुढच्या बाजूला होता, आधीच्या जागेपासून दोन वीत लांब. नवीन पुठ्ठा होता म्हणून कळलं, जुना डागाळलेला ठेवला असता तर तेच लिकेज परत आलं असं समजून काकांना बोल लावला असता. त्यांना फोन केला, त्यांनी विचारलं ऑइल फिल्टरच्या जवळ एक वायर जाते का, तिचा सॉकेट काढून आत बघा. इंजिन बंद आणि थंड असताना काढला, आत तेल. ऑइल प्रेशर स्विच म्हणाले, तोच जो लाल दिवा लावतो. त्याच्या आतलं सील गेलं की तेल वायरीच्या जोडातून पाझरतं, आणि हे तर आधीपासूनच होत असणार, मोठ्या गळतीपुढे दिसत नव्हतं इतकंच. एका वेळी एकच लिकेज असतं असं आपण धरून चालतो, ते कशाला एकच असेल.

लगेच बदलायचं होतं, पण काकांचा पोरगा गणपतीला कोकणात आणि काका मंडळात, शटर अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. दिवसाला एखादा थेंब, डिपस्टिक रोज बघायची, एवढ्यावर थांबायचं ठरलं. ८ सप्टेंबरला स्विच बदलला, ३४० अधिक मजुरी १५०. काकांनी चालू करून दिवा विझतोय का ते दोनदा बघितलं. चेंबरच्या एका कडेला किंचित ओल आहे असंही दाखवलं, थेंब धरत नाही तोवर हात लावू नका म्हणाले, पुढच्या तेल बदलाला बघू.

हिशोब वहीत मांडला. वायसर १८०, सिलिकॉन ६००, तपासणी ५९०, तेल ४५०, डिग्रीजर २८०, पॅकिंग आणि व्हॉल्व्ह १,३९०, स्विच ४९०. एकूण ३,९८०. त्यातले ज्यांनी गळती थांबली ते १,८८०. वर म्हणजे माझं टायमिंग असं की सगळी खरेदी झाल्यावर २२ सप्टेंबरपासून स्पेअर पार्टवरचा जीएसटी २८ चा १८ झाला.

१४ सप्टेंबरच्या रविवारी सोसायटीला पत्र दिलं, दुरुस्ती झाली आहे, बिलाच्या झेरॉक्स सोबत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. डागावर सिमेंट टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी धुण्याच्या सोड्याने घासलं, बराच गेला, पण पेव्हर ब्लॉकच्या फटींमध्ये उरलाय. पुढच्या मेंटेनन्स बिलात "पार्किंग सफाई - ३००" अशी एक ओळ आली. ती पण वहीत लिहिली.